‘ह्यूमर’चे ‘यौमो’ होताना

चीनच्या आग्नेय किनाऱ्यावर, फुच्येन प्रांतात श्यामेन नावाचे बंदर आहे. तिथल्या एका महाविद्यालयात मी दोन वर्षे इंग्रजी शिकवत होते. पहिल्याच महिन्यात ‘माझ्या घरातील एक व्यक्ती’ या विषयावर निबंध लिहायला सांगितला. वह्या तपासताना एकच चूक पुन्हा पुन्हा भेटू लागली. ‘माय फादर इज व्हेरी ह्यूमर’, ‘माय अंकल इज अ ह्यूमर मॅन’. एका मुलीने लिहिले होते, ‘माय ग्रँडफादर इज व्हेरी ह्यूमर’. मी प्रत्येक ठिकाणी लाल शाईने ‘ह्यूमरस’ केले आणि तिच्या वहीत समासात शेरा मारला : ‘ते विनोदी आहेत असे नुसते म्हणू नकोस, एखादा प्रसंग लिही.’

चूक व्याकरणाची आहे, एवढेच तेव्हा मला वाटले होते. इंग्रजीत ‘ह्यूमर’ हे नाम आणि ‘ह्यूमरस’ हे विशेषण. मुलांचा घोटाळा होतोय, आठवडाभरात सुधारेल. तो सुधारला नाही. मग कारण शोधायला लागले आणि त्या शोधात हा शब्द मला बराच लांब घेऊन गेला. वाचकांपुढे ठेवतेय तो त्याच प्रवासाचा वृत्तान्त. त्या मुलीच्या निबंधाकडे मी शेवटी परत येणार आहे.

चुकीचे कारण चिनी भाषेत होते. ‘ह्यूमर’ला चिनीत ‘यौमो’ म्हणतात. हा शब्द एकाच वेळी नामही आहे आणि विशेषणही. ‘ता हन यौमो’ म्हणजे ‘तो फार विनोदी आहे’. त्यात ‘आहे’ नाही, प्रत्यय नाही, काही नाही. मुले मनातल्या मनात ‘यौमो’ म्हणत होती आणि कागदावर ‘ह्यूमर’ उतरत होते. गंमत अशी की ‘यौमो’ हा मुळात ‘ह्यूमर’चाच उच्चार, चिनी अक्षरांत बसवलेला. म्हणजे इंग्रजीतून गेलेला शब्द चिनी सवयी अंगाला लावून पुन्हा इंग्रजीत परतत होता.

ओलाव्यापासून हास्यापर्यंत

आधी मूळ इंग्रजी शब्दाची हकिकत पाहू. लॅटिनमध्ये ‘ह्यूमॉर’ किंवा ‘उमॉर’ म्हणजे ओलावा, द्रव. हवामानाच्या बातम्यांतली ‘ह्युमिडिटी’ याच घरातली. हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला तो वैद्यकाचा शब्द म्हणून. ग्रीक वैद्यकानुसार शरीरात चार द्रव असतात : रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त. त्यांचा तोल बरोबर असला की माणूस निरोगी. एखादा द्रव वरचढ झाला की स्वभाव तसा बनतो. पिवळे पित्त वाढले की माणूस तापट, कफ वाढला की थंड, काळे पित्त वाढले की उदास. ‘मेलँकली’ या शब्दाचा ग्रीकमधला अर्थच मुळी काळे पित्त.

वात-पित्त-कफाच्या परंपरेत वाढलेल्या आणि रागावलेल्या माणसाचे ‘पित्त खवळले’ असे म्हणणाऱ्या आपल्याला हे समजायला एक क्षणही लागत नाही. वर्गात मात्र मला धास्ती होती की या मुलांना ग्रीक वैद्यक कसे समजवायचे? मदतीला चिनी भाषाच आली. राग येण्याला चिनीत ‘शंगची’ म्हणतात, म्हणजे ‘ची’, प्राणवायू, उत्पन्न होणे. स्वभावाला, विशेषतः तापटपणाला, ‘पीची’ म्हणतात, म्हणजे प्लीहेतला वायू. चिडक्या माणसाच्या यकृतात आग असते. हे शब्द मी फळ्यावर लिहिले आणि म्हटले, तुमची पीची, आमचे पित्त आणि इंग्रजांचा ह्यूमर, तिघांनीही माणसाचा स्वभाव पोटात शोधला. वर्ग हसला आणि ओलाव्याचा अर्थ पटला.

पुढची पायरी अशी. द्रव म्हणजे स्वभाव ठरला. मग स्वभावातला एखादा अतिरेक, लहर, विक्षिप्तपणा यालाही ‘ह्यूमर’ म्हणू लागले. बेन जॉन्सनचे ‘एव्हरी मॅन इन हिज ह्यूमर’ हे नाटक १५९८ साली रंगभूमीवर आले. त्या प्रयोगातल्या नटांच्या यादीत शेक्सपिअरचे नाव आहे. त्या नाटकात ‘ह्यूमर’ म्हणजे विनोद नव्हे, तर एकेका पात्राला पछाडणारे वेड. ‘ह्यूमरिस्ट’ म्हणजेही आधी विक्षिप्त माणूस, ज्याला लोक हसतात. पुढे सतराव्या-अठराव्या शतकांत हळूहळू तो लोकांना हसवणारा झाला आणि ‘ह्यूमर’ म्हणजे माणसाच्या विसंगतीकडे हसून पाहण्याची शक्ती, असा आजचा अर्थ रूढ झाला.

जुने अर्थ मात्र मेले नाहीत, ते कोपऱ्यात बसून राहिले. नेत्रवैद्यकात डोळ्यातल्या द्रवाला आजही ‘ॲक्विअस ह्यूमर’ म्हणतात. वैद्यकीची पुस्तके इंग्रजीतून वाचणारा एक विद्यार्थी मला गंभीरपणे विचारायला आला होता, ‘लाओशी, डोळ्यात पाण्याचा विनोद कसा असतो?’ (लाओशी म्हणजे शिक्षक, तिथे शिक्षकाला नावाने हाक मारत नाहीत.)

आपल्याकडेही एका द्रवाने साहित्यात मोठे स्थान मिळवले आहे. ‘रस’ म्हणजे पातळ पदार्थ, फळातला अर्क, आणि तोच हास्यरसातला रस. ‘विनोद’चा मार्ग वेगळा. ‘वि’ आणि ‘नुद्’, म्हणजे दूर ढकलणे. जो शीण, कंटाळा, दुःख दूर ढकलतो तो विनोद. म्हणून ‘काव्यशास्त्रविनोद’ या जुन्या शब्दात हसण्याची अट नाही, मन रमवणे पुरेसे आहे. इंग्रजी साहित्याशी गाठ पडल्यावर मराठीला ‘ह्यूमर’साठी शब्द हवा झाला. तेव्हा आपण नवा शब्द आणला नाही, हाच जुना शब्द पुढे केला. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे लेखन किंवा न. चिं. केळकरांची विनोदमीमांसा वाचताना तो उसना अर्थ वाहतोय असे जाणवतही नाही. चीनने नेमके उलटे केले. तिथे शब्द उसना आणला आणि त्यावर खडाजंगी झाली.

एक शब्द आणि त्याचा जन्मदाता

‘यौमो’चा जन्म कधी आणि कोणाच्या हातून झाला, हे आपल्याला माहीत आहे. अशी भाग्ये फार थोड्या शब्दांना लाभतात. लिन युतांग यांनी १९२४च्या मे आणि जून महिन्यांत पेकिंगच्या ‘चन्पाओ’ या वृत्तपत्राच्या पुरवणीत दोन छोटे लेख लिहून हा शब्द सुचवला. लिन याच फुच्येन प्रांतातले, श्यामेनपासून फार दूर नसलेल्या फिंगह तालुक्यातले. त्या भागातली पपनसे आज चीनभर जातात. शरदातल्या पौर्णिमेच्या सणाला माझे विद्यार्थी मला तीच आणून देत. लिन १८९५ साली एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या घरी जन्मले, हार्वर्ड आणि लाइपझिगला शिकले. पुढे ‘माय कंट्री अँड माय पीपल’ (१९३५) आणि ‘द इम्पॉर्टन्स ऑफ लिव्हिंग’ (१९३७) या इंग्रजी पुस्तकांनी ते जगभर पोचले.

लिन यांच्या आधी वांग ग्वोवेइ या पंडिताने ‘ह्यूमर’ला उच्चाराबरहुकूम ‘औमूया’ असे रूप दिले होते, पण ते टिकले नाही. लिन यांनी निवडलेली दोन अक्षरे मात्र अर्थपूर्ण होती. ‘यौ’ म्हणजे गूढ, आडोशाचे, खोल. ‘मो’ म्हणजे मूक. त्यांचे म्हणणे असे की खरा विनोद करणारा आपला विनोद आत दडवतो आणि रसिक तो मनातल्या मनात उमजून हसतो. तो जितका दडलेला, जितका मूक, तितका उत्तम. खदाखदा हसवणाऱ्या प्रकारापासून त्यांना तो वेगळा काढायचा होता.

यात एक अडचण होती. ‘यौमो’ हा अक्षरजोड चिनीत नवा नव्हता. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या छू युआन या कवीच्या नावावरील काव्यात तो येतो आणि तिथे त्याचा अर्थ आहे नीरव शांतता. म्हणजे सामसुमीचा शब्द हास्याला दिला गेला! लू शुन यांनी त्सुरुमी यूसुके या जपानी लेखकाचा विनोदावरचा लेख भाषांतरित करताना नेमका हाच आक्षेप नोंदवला : लोक याचा अर्थ ‘शांत’ असा घेतील. पण दुसरा शब्द सापडत नाही म्हणून त्यांनी तोच वापरला. इतरांनी आपापले पर्याय सुचवले, ते सगळे मागे पडले.

‘यौमो’ टिकला हे विशेष आहे, कारण उच्चारावरून घेतलेले शब्द चिनीत सहसा फार जगत नाहीत. टेलिफोन आधी ‘दलुफंग’ होता, नंतर ‘द्यानह्वा’, म्हणजे विजेचे बोलणे, झाला. डेमॉक्रसीचे लांबलचक ध्वनिरूप जाऊन अर्थवाही ‘मिनचू’ आला. लॉजिकचा ‘ल्वोची’ आणि ह्यूमरचा ‘यौमो’ मात्र राहिले.

पण मग चिनी माणसाकडे विनोदाला शब्दच नव्हता का? भरपूर होते. ‘श्याओह्वा’ म्हणजे हसण्याची गोष्ट, चुटका. ‘ह्वाची’ म्हणजे हास्यास्पद, विदूषकी. सिमा छ्यान यांच्या ‘ऐतिहासिक नोंदी’ या प्राचीन ग्रंथात ह्वाची लोकांवर एक स्वतंत्र प्रकरणच आहे. त्यात यौ मंग नावाच्या दरबारी नटाची गोष्ट येते. छूच्या राजाचा लाडका घोडा मेला. राजाने हुकूम सोडला की त्याला मोठ्या अधिकाऱ्याच्या इतमामाने पुरा. विरोध करील त्याला मृत्युदंड. यौ मंग रडत आत गेला आणि म्हणाला, एवढ्या थोर राज्याच्या राजाचा लाडका घोडा, त्याला नुसता अधिकाऱ्याचा मान? राजाचा मान द्या, म्हणजे साऱ्या जगाला कळेल की आमचे महाराज माणसांपेक्षा घोड्याला मोठे मानतात. राजा शुद्धीवर आला. बिरबल आणि तेनाली रामाच्या गोष्टींवर वाढलेल्या आपल्याला यौ मंग परका वाटणार नाही.

बोलीभाषेत तर विनोद ठासून भरला आहे. तिथे अर्धी सांगून अर्धी राखायची अशी एक म्हणींची जात आहे. ‘कसे चाललेय?’ असे विचारले तर माणूस म्हणतो, ‘भाचा कंदील धरतोय.’ राखलेला अर्धा भाग असा : ‘मामाला उजेड दाखवतोय.’ चिनीत ‘मामाला उजेड’ आणि ‘पूर्वीसारखेच’ यांचा उच्चार एकच. उत्तराचा अर्थ एवढाच की जैसे थे. मला ही म्हण शिकवली ती शाळेच्या खानावळीत भात वाढणाऱ्या बाईंनी.

हसावे की हसू नये

लिन यांची तक्रारही हीच होती : चिनी माणूस विनोदी आहे, पण त्याने लेखणी उचलली की तो उपदेशक होतो, गंभीर लेखनात विनोदाला दाराबाहेर उभे करतो. सप्टेंबर १९३२मध्ये त्यांनी मित्रांसह शांघायमध्ये ‘लुनयू’ हे पाक्षिक काढले. ‘लुनयू’ हे कन्फ्यूशिअसच्या वचनसंग्रहाचे नाव. ते विनोदी नियतकालिकाला देणे हाच पहिला विनोद. पाक्षिक खूप चालले, त्याच्या नकला निघाल्या आणि १९३३ला ‘विनोदाचे वर्ष’ असे म्हटले जाऊ लागले.

काळ मात्र हसण्याचा नव्हता. १९३१च्या सप्टेंबरात जपानने मांचुरिया घ्यायला सुरुवात केली होती, १९३२च्या आरंभी शांघायच्या चापेइ भागावर बॉम्ब पडले होते. देशात लेखकांवर सरकारी पाळत होती, अटका होत होत्या. अशा वेळी लू शुन यांनी विचारलेला प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : थेट बोलण्याची बंदी आहे म्हणून लोक विनोदाकडे वळतात, पण असा विनोद फार काळ तग धरत नाही, तो एकतर उपरोधाकडे सरकतो किंवा नुसत्या चुटक्यांत उतरतो. आणि क्रौर्यावर हसून मोकळे झालो की क्रौर्य सोपे होते. लिन यांचे उत्तर १९३४च्या ‘लुन यौमो’ या दीर्घ लेखात सापडते. जॉर्ज मेरेडिथ यांच्या कॉमेडीवरील निबंधाचा आधार घेऊन त्यांनी मांडले की विनोदाचे मूळ करुणेत आहे. उपरोध डंख मारतो, विनोद समजून घेतो. तरुण छ्यान चोंगशू यांनी पुढे तिसरीच बाजू धरली : हसण्याची मोहीम काढली की हसणे यांत्रिक होते.

या वादात कोण बरोबर, याचा निवाडा मला करता येत नाही. श्यामेन विद्यापीठात लू शुन यांचे स्मारक दालन आहे. १९२६ साली ते तिथे शिकवायला आले ते लिन यांच्याच निमंत्रणावरून. एकेकाळचे हे स्नेही पुढे दुरावले, त्याला हा शब्दही एक कारण झाला. १७ फेब्रुवारी १९३३ला बर्नार्ड शॉ शांघायला आले तेव्हा सुंग छिंगलिंग यांच्या घरी काढलेल्या छायाचित्रात शॉ, लू शुन, छाय युआनफेइ यांच्यासोबत लिन उभे आहेत. नंतरच्या काळात चीनमध्ये छापलेल्या त्या छायाचित्राच्या प्रतींतून लिन आणि हॅरल्ड आयझॅक्स हे अमेरिकी पत्रकार पुसून टाकले गेले. शब्दाचा जन्मदाता चित्रातून गेला. शब्द मात्र पुसणाऱ्यांच्याही तोंडी राहिला.

आणि तो इतका रुळला की आता त्याचे चिनी व्याकरण झाले आहे. चिनीत काही दोन-अक्षरी क्रियापदे मधोमध तोडून आत शब्द घालतात. लोकांनी ‘यौमो’ही तसाच तोडला : ‘यौ ता ई मो’, म्हणजे ‘त्याची एक फिरकी घेणे’. ‘यौ’ला क्रियापद आणि ‘मो’ला कर्म मानले, मुळात तो एका परकीय शब्दाचा उच्चार आहे, हे कोणाच्या लक्षातही येत नाही. आपण ‘फोन’ची ‘फोनाफोनी’ केली तसेच हे.

वर्गातला फळा

शेवटी मी फळ्यावर जे लिहिले ते असे. ‘ह्यूमर’ हे नाम. माणसाला ‘ह्यूमरस’ म्हणता येते, पण बोलताना इंग्रज माणूस ‘ही इज फनी’ किंवा ‘त्याचा सेन्स ऑफ ह्यूमर चांगला आहे’ असे म्हणेल. ‘ह्यूमरस’ला जरा पुस्तकी वास आहे. ‘फनी’ जपून वापरा, त्याचा दुसरा अर्थ ‘विचित्र’. दुधाला ‘फनी’ वास आला तर ते प्यायचे नसते. ब्रिटिश वळणाने ‘ह्यूमर’च्या शेवटी ‘ओ’नंतर ‘यू’ लिहितात, अमेरिकी वळणाने नाही. पण ‘ह्यूमरस’मध्ये तो ‘यू’ दोघेही गाळतात. ‘इन गुड ह्यूमर’ म्हणजे विनोद करणारा नव्हे, खुशीत असलेला. इथे जुना स्वभावाचा अर्थ जिवंत आहे.

आणि ‘टू ह्यूमर समवन’. यावर वर्ग अडला. ‘म्हातारा आजारी होता म्हणून त्यांनी त्याला ह्यूमर केले’ या वाक्याचा अर्थ सगळ्यांनी ‘त्याला हसवले’ असा केला. मी सांगितले, नाही. त्याच्या लहरीप्रमाणे वागले, त्याचे मन राखले. जॉन्सनच्या काळातली ती ‘लहर’ इथे क्रियापद होऊन बसली आहे. चिनीत याला ‘छ्यानच्यौ’ म्हणता येईल.

तास संपल्यावर ती आजोबांची मुलगी थांबली. समासातल्या शेऱ्याप्रमाणे तिने प्रसंग लिहून आणला होता. आजोबा अखेरच्या वर्षात सगळे विसरले होते. रोज पहाटे उठून म्हणत, पपनसे उतरवायची वेळ झाली, गावची बस पकडायची आहे. बाग कधीच दुसऱ्याची झाली होती. आजी रोज सांगे, ‘बस आज उशिरा आहे, तोवर पेज खाऊन घ्या.’ आजोबा म्हणत, ‘ही बस माझ्यापेक्षा म्हातारी झालीय,’ आणि पेज खात. मुलीने विचारले, ‘लाओशी, आजोबा बोलले तो ह्यूमर, आणि आजीने केले तेही ह्यूमर? एकच शब्द?’ मी म्हटले, हो, एकच.

त्या दिवसांत माझी आई साताऱ्याला भावाकडे होती. तिलाही विसर पडू लागला होता. फोनवर ती म्हणायची, ‘वाईला जायचंय गं, गाडी सांग.’ मी शिक्षिका; दर वेळी दुरुस्ती करायचे. ‘आई, वाईचं घर विकून वीस वर्षं झाली.’ मग ती गप्प व्हायची. वहिनी एकदा मला म्हणाल्या होत्या, ‘ताई, त्यांच्या कलाने घ्या हो जरा.’ तेव्हा मला ते पटले नव्हते. खोटे का बोलायचे, असे वाटले होते.

त्या मुलीशी बोलताना माझ्या ध्यानात आले की ‘टू ह्यूमर’ला मराठीत शब्द आहे आणि तो वहिनींनी मला केव्हाच सांगितला होता : कलाने घेणे. विनोदाचे मूळ करुणेत आहे, हे लिन यांचे वाक्य मी लेखात वाचून खूण करून ठेवले होते. त्याचा अर्थ मला त्या आजीच्या पेजेत कळला.

रात्री फोन लावला. आईने वाईची गाडी काढलीच. मी म्हटले, ‘सांगितलीय गं. पण घाटात गर्दी आहे म्हणे, उशीर होईल. तोवर चहा घे.’

ती म्हणाली, ‘पसरणीच्या घाटात कधी गर्दी नसते गं? त्या गाडीवाल्यालाही चहा पाजा म्हणावं.’

आणि हसली. त्या वर्षात फोनवर तिचे हसणे मी पहिल्यांदा ऐकले.